फोटोत नसलेली कुंडी

नकली मंगळ-मातीत रोपं वाढवण्याच्या आमच्या प्रयोगाचं पोस्टर छापून आलं. छान दिसतंय, नाकारण्यात अर्थ नाही. मधोमध क कुंडीतलं लेट्यूस, कडा कुरळ्या, रंग असा की कुणालाही पान तोडावंसं वाटेल. डावीकडे अ, उजवीकडे ब. ड नाही. रकान्यात चौथी कुंडी बसत नव्हती म्हणे. ‘आणि तशीही ती बघण्यासारखी कुठे आहे?’

नाहीच आहे. तरी दुपारपासून तीच डोक्यात फिरतेय.

एवढं काय खुपतंय ते लिहून तरी बघू.

चारी कुंड्यांत बी एकाच पाकिटातलं. दिवा तोच, रोज १४ तास. पोषकद्रावण चौघींना सारखंच, अर्ध्या ताकदीचं. फरक फक्त आत काय भरलंय याचा. अ मध्ये बागेतली चाळलेली माती. ब मध्ये तीन भाग सिम्युलंट, म्हणजे बेसाल्ट दळून मंगळाच्या मातीबरहुकूम बनवलेली भुकटी, आणि एक भाग व्हर्मिक्युलाइट, म्हणजे तापवून फुगवलेलं हलकं खनिज. क मध्ये दोन भाग सिम्युलंट, एक भाग व्हर्मिक्युलाइट, एक भाग गांडूळखत. ड मध्ये निव्वळ सिम्युलंटची भुकटी, बाकी काही नाही. हे भाग मापाचे आहेत, वजनाचे नव्हेत. पोस्टरवर नुसतं ‘२५ टक्के व्हर्मिक्युलाइट’ लिहिलंय, त्यानेही जीव खालीवर होतो. एक लिटर सिम्युलंट सव्वा ते दीड किलो भरतं आणि लिटरभर व्हर्मिक्युलाइट शंभर ग्रॅमच्या आसपास. कुणी वजनाने पाव किलो घातलं तर अडीच लिटर व्हर्मिक्युलाइट होईल आणि पाऊण किलो सिम्युलंट मात्र अर्ध्या लिटरहून जरासंच जास्त. मग त्या कुंडीत मंगळ भिंग घेऊन शोधावा लागेल.

पण खुपतंय ते हे नाही.

ब आणि ड यांच्यात फरक फक्त व्हर्मिक्युलाइटचा. ब मधली रोपं उभी आहेत आणि ड मधली बसलीत, यातून कळतं की भुकटीला आधी हवा हवी, खत नंतर. सगळ्या प्रयोगातलं धड कळलेलं एवढंच. ड काढून टाकली की ब ही नुसती एक बऱ्यापैकी वाढलेली कुंडी उरते. तिची तुलना मग अ शी होणार, आणि बघणारा म्हणणार, ‘मंगळावर जरा कमी येतं, पण येतं!’

येतं कुठे?

ड ला वरून पाणी घातलं की ते साचून राहतं. मग सावकाश मुरतं. तेवढ्यात सगळ्यांत बारीक कण वर येतात, वाळताना वरच बसतात आणि पपडी धरते. लेट्यूसचं बी इवलंसं, त्याला उजेड लागतो, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर कोंब वर येता येता दमतो. त्यात ही पपडी. ती नखाने उचकटली तर खालचा कोंबही तिच्याबरोबर निघतो. मुळ्याचं जरा बरं, त्याचा कोंब दणकट, पपडीचा तुकडा डोक्यावर घेऊनच बाहेर पडतो. म्हणून पाणी खालून द्यायचं. ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाणी, त्यात अर्धा तास कुंडी, मग ट्रे रिकामा करायचा. कुंडीच्या भोकांवर सुती कापडाची घडी, नाहीतर भुकटी खालून निसटते. एवढं केलं की पपडी टळते आणि दुसरंच सुरू होतं. पाणी वर चढताना सल्फेटचे क्षार घेऊन येतं, उडून जातं आणि क्षार वर ठेवून जातं. पृष्ठभागावर पांढुरकी साय दिसली की समजायचं. तेव्हा एकदा वरून भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुवावे लागतात, आणि धुतले की पुन्हा पपडी.

मातीला वाफसा येतो. ड ला येत नाही. एक तर चिखल, नाहीतर वीट. मधली अवस्था येते आणि आपण बघेपर्यंत जाते. कारण साधं आहे. दळलेल्या खडकाचे कण अणकुचीदार असतात, एकमेकांत घट्ट बसतात. मातीत बुरशीचे धागे, कुजलेला पाला, मुळांचा स्राव हे कणांना चिकटवून त्यांच्या लहान लहान ढेकळ्या करतात, आणि ढेकळ्यांमधल्या फटींतून हवा खेळते. भुकटीत चिकटवणारं कुणी नाही. मुळांना श्वास घ्यायला जागाच नाही.

शेवटी ड उलटी केली तेव्हा जे दिसलं ते खरं तर पोस्टरवर हवं होतं. गोळा साच्यातून काढावा तसा अख्खा निघाला. मधून कापला तर आत एकही मूळ नाही. सगळी मुळं बाहेरच्या अंगाने, प्लास्टिक आणि भुकटी यांच्यामधल्या फटीतून फिरलेली, अनोळखी घरी भिंतीला टेकून बसलेल्या पाहुण्यासारखी. काही तर कापडाच्या घडीत शिरून तिथेच गुंतलेली. कुंडीत जिथे भुकटी नव्हती तिथे ती वाढली.

हे सरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, ‘छान निरीक्षण.’ त्यांच्या ‘छान’चा अर्थ एव्हाना कळायला हवा. असो.

आणि पिवळेपणा. ड मध्ये जी चार पानं आली त्यांतली कोवळी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. नायट्रोजन कमी पडला तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात, कारण झाड तिथला काढून वर पाठवतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची उपासमार नव्या पानांवर दिसते. म्हणजे ही लोहाची. ज्या ग्रहाला लोहाच्या गंजाने लाल केलंय, त्याच्या नकली मातीत रोप लोहावाचून पिवळं! हसू की रडू कळेना. एक भाग भुकटी, अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी, ढवळून अर्धा तास ठेवून सामू (पीएच) मोजला तर साडेआठच्या वर. त्या सामूला लोह विरघळतच नाही. भुकटीत कितीही असो, मुळाच्या तोंडी लागत नाही. फेरस सल्फेट घातलं तर त्याचाही गंज होऊन बसतो. ईडीटीए हे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं रसायन, पण ते लावलेलं लोह साडेसहाच्या वर टिकेनासं होतं. त्याच्याच जातीचं ईडीडीएचए लावलेलं चालतं. आम्ल ओतून सामू खाली आणला तर तो पुन्हा चढतो, कारण आतले कार्बोनेट सावकाश विरघळत राहतात. आज सात, परवा आठ. चिमूटभर युरिया टाका हा सल्लाही आला होता. युरिया रोपाच्या उपयोगी पडायला आधी मोडावा लागतो, आणि मोडणारे जिवाणू क मध्ये गांडूळखतातून आलेत. ड मध्ये तो बराचसा तसाच पडून राहणार. तिथे कॅल्शियम नायट्रेटच हवं.

एवढं सगळं ड ने शिकवलं. क ने काय शिकवलं? गांडूळखत चांगलं असतं. हे कुणाला माहीत नव्हतं?

आणि फोटो क चा.

मघापासून तेच ते लिहितेय. दमलेय बहुतेक. चाळणीपासून पपडीपर्यंत सगळं करणाऱ्यांची नावं पोस्टरवर कुठल्या क्रमाने आलीत तेही बघितलं, पण त्यात शिरायचं नाही. आणि आमच्यातली एक मध्येच का सोडून गेली, तेही नाही.

इतरांनी तरी निव्वळ भुकटीवर कुठे भागवलंय? अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी असाच प्रयोग केला. २०१८ च्या जानेवारीत तो अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत मांडला गेला. तिथेही भुकटी फार घट्ट, बटाट्याला आत फुगायला जागा मिळेना. व्हर्मिक्युलाइट मिसळून सैल केली तेव्हा पालेभाज्या जमल्या. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या गटाने २०१३ मध्ये १४ जातींची रोपं नकली मंगळ-मातीत लावली, खत न घालता, आणि त्यातली बरीच उगवली. पण ती भुकटी हवाईच्या ज्वालामुखीच्या राखेची होती, मुळातच भुसभुशीत, लिटरला एक किलोच्या आतच, आणि थोडा नायट्रोजन बाळगून असलेली. पुढच्या प्रयोगात त्यांनीही सेंद्रिय पदार्थ मिसळले. म्हणजे ‘मंगळाच्या मातीत’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न, कुठल्या भुकटीत? हवाईची, मोहावी वाळवंटातली, की क्युरिऑसिटी या बग्गीने मंगळावरच्या गेल विवरात तपासलेल्या वाळूवरून खनिजं मोजून मिसळलेली? तिन्हींत रोपं वेगवेगळी वागतात.

इथपर्यंत आले आणि माझीच गाडी अडली. ड तरी कुठे मंगळाची आहे?

फिनिक्स यानाने २००८ मध्ये मंगळाच्या उत्तरेकडची माती पाण्यात कालवून तपासली. सामू ७.७ च्या आसपास, म्हणजे आमच्या ड पेक्षा बरा. पण सोबत परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजनचा एक क्षार, वजनाच्या सुमारे अर्धा टक्का. किलोभर मातीत ४ ते ६ ग्रॅम. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ठरवलेली सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.७ मायक्रोग्रॅम आहे, आणि पालेभाज्या परक्लोरेट पाण्याबरोबर ओढून पानांत साठवतात. लेट्यूस त्यात पुढे. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये छापलेल्या प्रयोगात पोषकद्रव्यं देऊनही परक्लोरेट मिसळलेल्या भुकटीत काहीही वाढलं नाही. विकत मिळणाऱ्या सिम्युलंटमध्ये ते सहसा घातलेलं नसतं. आमच्याही नाही. शिवाय इथली हवा, इथला दाब, इथलं गुरुत्वाकर्षण. तिथे गुरुत्व इथल्या ३८ टक्के, ऊन ४३ टक्के.

म्हणजे आमची प्रामाणिक, दुर्लक्षित, पोस्टरवरून हाकललेली ड हीसुद्धा सोज्वळ करून फोटोला बसवलेलीच आहे. तिच्यातूनही गैरसोयीचं कापलंय, फक्त ते कापणं कारखान्यात झालं, आमच्या आधी. मग मी नेमकी कुणाच्या वतीने भांडतेय?

हे लक्षात आल्यावर एकटीच हसले. दुपारभर तोंड पाडून बसण्याइतकं महत्त्व त्या कुंडीला देण्याची गरज नव्हती. पोस्टरखाली एक ओळ घालून घेईन, ‘निव्वळ सिम्युलंटमध्ये वाढ खुंटली, परक्लोरेट वापरलेलं नाही.’ टाइप बारीक करतील, करू देत. भिंग आहेच.

परक्लोरेट घालून करू या, असं संध्याकाळी एकाने म्हटलं. नको. तो ऑक्सिडायझर आहे, सुक्या सेंद्रिय पदार्थात मिसळला तर पेट घेऊ शकतो, आणि आमच्याकडे गांडूळखताचा चुरा सगळ्या टेबलावर. भुकटी पाण्याने धुवून परक्लोरेट निघतं, कारण ते सहज विरघळतं. ऑक्सिजनविना वाढणारे काही जिवाणू त्याचं क्लोराइड आणि ऑक्सिजन करून टाकतात. पण ते धुवलेलं पाणी कुठे टाकायचं याचं उत्तर आधी लागेल.

त्यापेक्षा ड ची भुकटी फेकायची नाही हे ठरवलं. लसूणघास लावायची. आयोवातल्या एका गटाने २०२२ मध्ये दाखवलंय की बेसाल्टच्या भुकटीत लसूणघास बऱ्यापैकी येते, आणि तिचाच चुरा खत म्हणून मिसळला की पुढे सलगम, मुळा, लेट्यूस येतात. गोळा फोडून, मुळं काढून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा. चाळताना मास्क, कारण ही धूळ म्हणजे दळलेला खडक आणि फुप्फुसात गेली की तिथेच राहते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू बियाला चोळून द्यावे लागतील, भुकटीत त्यांचा पत्ता नाही. कापणी फुलोऱ्याच्या आधी. मग वाळवून, चुरून, त्याच भुकटीत. व्हर्मिक्युलाइट यावेळी नाही. मुळांनीच वाट पाडली तर पाडली.

आधी चाळणी धुवायची आहे. बादलीत धुवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी तेवढं बेसिनमध्ये ओतायचं. पाइप तुंबला तर चौकशी थेट माझ्याकडे येते.