पिच, डमी आणि बेंजोवाला फोटो

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आत्ता घरात शिरले. पहाटे साडेपाचला पुण्यातून निघालो होतो, कोल्हापूरजवळ शिरोलीला जाऊन परत, म्हणजे सगळा दिवस हायवेवरच गेला. अंग दुखतंय पण झोप लागायची नाही, म्हणून लिहून टाकते, उद्यावर टाकलं की राहतंच.

आज पिच झाली एकदाची, म्हणजे क्लायंटसमोर प्रस्ताव मांडून झाला. मराठी पॉप संगीताचं त्रैमासिक, छापील, 64 पानी, म्हणजे चार फर्मे. मी आणि माझा डिझायनर आठ महिने यावर बसलोय, इतर कामं सांभाळून, शनिवार-रविवार. क्लायंट शिरोली एमआयडीसीतला, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बनवतात, तीन पिढ्यांचा धंदा. गणपती मंडळं, लग्नाचे हॉल, बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, सगळे त्यांचं गिऱ्हाईक. कॅटलॉगचं काम आम्ही आधी केलेलं त्यांच्यासाठी, तेव्हाच डोक्यात आलं होतं की ज्यांच्या डब्यातून ही गाणी रोज वाजतात त्यांनीच हे मासिक काढायला हात द्यावा.

कारखान्यात सगळे मोठ्या मालकांना अण्णा म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांची सून सगळं मार्केटिंग बघते, ती वहिनी. आम्ही बावीस स्लाइडचा डेक, म्हणजे प्रेझेंटेशन, नेला होता. पहिल्या दहा मिनिटांत अण्णांनी विचारलं, "ते सगळं बरोबर आहे ओ, पण गाणं ऐकायची गोष्ट आहे, वाचणार कोण?"

या प्रश्नाची तयारी होती माझी. मी त्यांना इलाहाबादचं सांगितलं, 1993 साली तिथून रॉक स्ट्रीट जर्नल निघालं, मुंबई-दिल्लीतून नाही, इलाहाबादमधून, आणि देशभरातल्या रॉक बँडवाल्या पोरांना एकमेकांचा पत्ता त्यातून लागला. 2008 ला रोलिंग स्टोनची भारतीय आवृत्ती आली. पण दोन्ही इंग्रजी. आपल्याकडे शास्त्रीय संगीतावर मराठीत कितीतरी लिहिलं गेलं, नाट्यसंगीतावर, भावगीतावर आठवणींची पुस्तकं आहेत, पण कोळीगीत, भीमगीत, लग्नातली गाणी, आताचे रॅपवाले, स्वतःची गाणी स्वतःच काढणारे इंडीवाले, यांच्यावर सलग, नियमित, मन लावून लिहिलेलं काही शोधायला जा, हाती काय लागतं? सिनेमाच्या पानावर एक चौकट. बस.

मग 2024 चं सांगितलं. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड 'गुलाबी साडी' करतो आणि ते गाणं देशभर मराठी न येणारी माणसं पाठ म्हणतात. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' येतं, मराठी शब्द आणि हाउस म्युझिक, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि ते एका डच लेबलवरून निघतं. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतंय आणि त्याची नोंद कोण ठेवतंय तर रील्स, ज्या आठवड्यात विसरल्या जातात. शिंद्यांचं घर घ्या, प्रल्हाद शिंदे, मग आनंद-मिलिंद, मग आदर्श, तीन पिढ्या महाराष्ट्राला गाणं देतायत, प्रत्येक जत्रेत, प्रत्येक जयंतीला. त्या घराच्या गाण्यावर चाळीस पानं लिहिता येतील इतका ऐवज आहे. हे मी जरा जोरातच बोलले, आवाज चढला माझा, पण मला ते खरंच लागतं.

वहिनी एकदम म्हणाली, "मी कॉलेजात असताना कॅसेटच्या आतला कागद सगळा वाचत बसायचो." (कोल्हापुरात बायका मी गेलो, मी आलो म्हणतात, मला फार गोड वाटतं ते.) आणि मला तेच हवं होतं, कारण माझी पुढची स्लाइड तीच होती. माझ्या बाबांच्या कॅसेटचा फोटो. कर्वे रोडवर अलूरकरांच्या दुकानात बाबा मला घेऊन जायचे, मी काउंटरला नाक टेकेल इतकी लहान, आणि घरी आल्यावर तो घडीचा कागद उलगडून वाचायचा हा माझा मान. गीत कोणाचं, संगीत कोणाचं, संयोजन, मग खाली बारीक अक्षरात तबला, बासरी, सतार, व्हायोलिन. मी गाणं ऐकण्याआधी माणसं वाचायचे. नंतर एमपी3 आलं, पेनड्राइव्ह आला, फाइलचं नाव 'मराठी डीजे नॉनस्टॉप 2' आणि त्यात साठ गाणी, एकाचंही नाव नाही. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गायली जातात आणि गाणाऱ्याला कधीकधी माहीतही नसतं की हे वामनदादांचं. हा कागद परत आणायचाय मला. मासिक म्हणजे माझ्यासाठी तो कॅसेटमधला कागद आहे, 64 पानांचा.

अण्णा ऐकत होते पण हातात मोबाइल. मग ते जाहिरातीवर आले. कव्हरवर त्यांचा नवा लाइन ॲरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरांची रांग, हवा, आणि आत प्रत्येक लेखात एकदा तरी कंपनीचं नाव. इथे मी नाही म्हणाले. सहा पानं जाहिरात तुमची, मागचं कव्हर तुमचं, बाकी मजकुरात एका ओळीतही नाही. माझ्या डिझायनरने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, की जरा दमाने. पण हे आज सोडलं तर पुढे काहीच उरत नाही, वाचकाला एका मिनिटात वास येतो.

तेव्हा मी किर्लोस्करांचं काढलं. किर्लोस्करवाडी शिरोलीपासून काही फार लांब नाही. लोखंडी नांगर बनवणारा कारखाना, त्यांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, आधी कारखान्याच्या बातम्यांचं, आणि शंकरराव किर्लोस्करांनी ते कुठच्या कुठे नेलं, 1930 ला 'स्त्री' काढलं, अख्ख्या महाराष्ट्राच्या घराघरात गेलं. नांगर विकायला काढलेलं मासिक लोकांनी नांगरासाठी थोडंच वाचलं. अण्णा हसले. म्हणाले, "आमच्या आईकडं 'स्त्री' यायचं." तेवढंच. मोबाइल मात्र खाली ठेवला.

मग प्रोजेक्टर बंद केला आणि डमी, म्हणजे नमुना अंक, हातात दिली. खरी छापून नेली होती, एकच कॉपी, आत मॅपलिथो कागद, कव्हर गुळगुळीत आर्ट पेपर, सेंटर पिन. मला स्क्रीनवरच्या पानावर विश्वासच नाही, हातात घेतल्याशिवाय मासिक कळत नाही. त्यांनी शेवटाकडून चाळायला सुरुवात केली आणि बेंजोच्या लेखापाशी थांबले.

तो लेख माझा सगळ्यात लाडका. कोकणातल्या बेंजो पार्ट्यांवर, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या ताफ्यांवर. बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे हो, आपला बुलबुलतरंग, लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, पिकअप लावून ॲम्पला जोडलेला. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातात नखी. वरातीत तो असा काही किंचाळतो की रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कळतं नवरा निघाला. पानभर फोटो होता, रत्नागिरीकडच्या एका वरातीतला, वाजवणाऱ्याचा चेहरा घामाने चमकतोय, मान तिरकी, डोळे मिटलेले, बोटं इतकी वेगात की फोटोत धूसर आलीत.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. कोपऱ्यात टेम्पोच्या फळीवर एक ॲम्प अर्धा दिसत होता, लाल बटणाचा. "हे आमचं हाय," ते म्हणाले. "हे मॉडेल बंद करून बारा वर्षं झाली असतील. अजून चालतंय बघा." वहिनीला दाखवलं, बाहेरून एका जुन्या मिस्त्रींना बोलावून दाखवलं, त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग अण्णा मला म्हणाले, "आणि हा वाजवणारा कोण? नाव काय ह्याचं?"

माझ्याकडे नाव नव्हतं.

खाली कॅप्शन होती, 'वरातीतला बेंजो, रत्नागिरी जिल्हा'. अर्धा तास मी कॅसेटच्या कागदाबद्दल बोलत होते, बारीक अक्षरातल्या तबलजीबद्दल, आणि माझ्याच डमीत सगळ्यात मोठ्या फोटोखाली माणसाचं नाव नाही. घसा कोरडा पडला. म्हटलं, अण्णा, माझं चुकलं, आज रात्रीच्या आत नाव काढते. ते काही बोलले नाहीत, डमी मात्र परत दिली नाही, वहिनीकडे ठेवायला दिली. निघताना इतकंच, की दिवाळीच्या एका अंकाचं बजेट सोमवारपर्यंत पाठवा, कव्हरचं नंतर बघू. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. टायटलच्या नोंदणीचा अर्जही त्यावरच अडलाय, प्रकाशक कोण हे ठरल्याशिवाय तो भरणार कसा.

कराडला चहाला थांबलो तिथूनच फोन सुरू केले. फोटोग्राफर, मग त्याने नवऱ्या मुलाच्या भावाला, त्याने पार्टी ठरवणाऱ्या मामांना, आणि रात्री नऊला, आम्ही खंबाटकीच्या अलीकडे असताना, खुद्द बेंजोवाल्यांचाच फोन आला. आधी त्यांना वाटलं वाजवायची सुपारी आहे, तारीख विचारली. मी सगळं सांगितलं. थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "ताई, माझं एकट्याचं नको, पार्टीतल्या सगळ्यांची घ्या." आणि एकेक सांगायला लागले, ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, प्रत्येकाचं आडनाव, गाव, वाडीसकट, मध्येच रेंज गेली तर पुन्हा फोन करून राहिलेलं सांगितलं. ताशावाला पोरगा नवीन आहे, पण त्याचंही टाकाच म्हणाले.

नावं इथे लिहीत नाही, ती पहिल्यांदा छापूनच यावीत. वहिनीला रात्रीच पाठवली. डिझायनरला मेसेज टाकलाय की कॅप्शन आता तीन ओळींची झालीये, फोटो खालून जरा कापावा लागेल, पण ॲम्पचं लाल बटण कापू नकोस.