रात्री साडेनऊला मेसेज येतो, उद्या रायटर पाहिजे

मागच्या रविवारी इंदूरमध्येच लोकमान्य नगरला मावशीकडे गेले होते. मावसबहीण आत्ताच बारावी झालीय, बीएला ॲडमिशन पण झाली, आणि पोहे खाता खाता तिने सुरू केलं की ताई एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेऊ का, फेस्टमध्ये ते गळ्यात कार्ड घालून फिरतात ते व्हॉलंटियर कसे होतात, आणि हे सगळं केल्याने पुढे काही फायदा असतो का. मी तिला तासभर सांगत बसले. घरी येताना वाटलं की हेच लिहून टाकावं, कारण मी फर्स्ट इयरला होते तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि जे काम फक्त फर्स्ट इयरवालीच करू शकते ते कित्येक जणींच्या हातून असंच निघून जातं.

ते काम म्हणजे रायटर. जे विद्यार्थी बघू शकत नाहीत किंवा ज्यांना हाताने लिहिता येत नाही त्यांचा पेपर, ते सांगतील तसा, लिहून देणं. कुणी लेखनिक म्हणतात, पण इंदूरमध्ये सगळे रायटरच म्हणतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने गाइडलाइन काढली त्यात असं होतं की विद्यार्थी स्वतःचा रायटर आणत असेल तर त्या रायटरचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली असावं. आता याचा अर्थ काय होतो बघा. सेकंड इयरच्या मुलीला रायटर हवी असेल तर फायनलवाली हुशार ताई उपयोगाची नाही, एमएवाला दादा तर अजिबातच नाही, तिला तुझ्यासारखी नुकती बारावी झालेली, फर्स्ट इयरची मुलगी लागते. म्हणजे जिला वाटत असतं की मला अजून काय येतं, मी कुणाच्या काय कामाची, नेमकी तीच कामाची. (ही पायरी प्रत्येक परीक्षा विभाग आपल्या पद्धतीने मोजतो आणि नियमही मधून मधून बदलतात, म्हणून हो म्हणायच्या आधी एकदा विचारून घ्यायचं.)

मला हे कसं कळलं, तर एका ग्रुपवर रात्री साडेनऊला मेसेज आला. उद्या सकाळी आठला बीए सेकंड इयर हिस्ट्रीचा पेपर, रायटर ऐनवेळी आजारी पडली, कुणी आहे का. मे महिना होता, माझा पेपर दोन दिवसांनी होता, मी बीकॉमची, हिस्ट्री आठवीनंतर नीट वाचलेली नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली जा, तुझा अकाउंट्सचा अभ्यास चार तासांनी बुडणार नाही. तिने डबा दिला आणि मी सकाळी सातला निघाले.

जिचा पेपर होता ती दीदी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होती. भेटल्यावर तिने माझं नाव, गाव काही विचारलं नाही, पहिलं विचारलं की हिंदी शुद्ध लिहितेस का आणि अक्षर मोठं काढतेस की बारीक, मग तिने मला दोन ओळी लिहायला लावल्या आणि किती वेळ लागला ते तिच्या घड्याळावर बघितलं, ते वरचं झाकण उघडून काट्यांना बोट लावायचं घड्याळ असतं ना, ते. गाइडलाइनप्रमाणे तिला रायटरला दोन दिवस आधी भेटता यायला पाहिजे. तिच्या वाट्याला वीस मिनिटं आली.

वर्गात बसल्यावर तिने मला अख्खा पेपर दोनदा वाचायला लावला, प्रत्येक प्रश्नाचे मार्क सकट, आणि मग डोळे मिटून दोन मिनिटं गप्प. नंतर म्हणाली पाचवा आधी, मग दुसरा, मग सातवा. पूर्ण पेपर तिच्या डोक्यात मांडून झाला होता. आपण प्रश्नपत्रिका दहा वेळा उलटसुलट करतो, तिला ती सोय नाही, म्हणून आपण पहिल्यांदा जसं वाचू त्यावर तिचं सगळं अवलंबून असतं, आणि हे मला तिथे बसल्यावर समजलं.

एका उत्तरात पानिपत आलं. तिने सांगितलं, पानिपतची तिसरी लढाई, 1764. माझा पेन थांबला. मराठी घरातल्या मुलीला, त्यातून इंदूरच्या, हे साल काही पाठ करावं लागत नाही, मल्हारराव होळकर पानिपतावर होते हे आमच्या आजीने जेवताना इतक्यांदा सांगितलंय की 14 जानेवारी 1761 ही तारीख मला माझ्या वाढदिवसासारखी लक्षात आहे. पण रायटरचं काम सांगितलेलं लिहिणं, बरोबर असेल ते लिहिणं नाही. मी 1764 लिहिलं. खरं सांगते, लिहिताना पोटात कसंतरी झालं. पुढचं उत्तर सुरू झालं तरी माझं लक्ष त्याच आकड्यावर.

शेवटी तिने म्हटलं की आता सगळं परत वाच. मी वाचत गेले, आणि ते साल आलं तेव्हा मुद्दाम थांबायचं नाही, आवाज बदलायचा नाही असं मनात घट्ट धरून सरळ वाचून टाकलं. दोन ओळी पुढे गेले तोच ती म्हणाली, रुको, चौंसठ नहीं, इकसठ, चौंसठ तो बक्सर की लड़ाई है. मी खोडून 1761 केलं. तो मार्क पूर्णपणे तिचा होता, माझा त्यात काडीचाही हिस्सा नव्हता, आणि मला तो आनंद अजून आठवतो. मी त्या दिवशी बोलून टाकलं असतं तर परीक्षेत गडबड तर झालीच असती, शिवाय जे तिला येत होतं तेच मी तिच्याकडून काढून घेतलं असतं.

म्हणून मावसबहिणीला पहिलं हेच शिकवलं. ऑब्जेक्टिव्ह प्रश्नाचे चारही पर्याय एकाच चालीत वाचायचे. आपल्याला उत्तर येत असलं की बरोबर पर्यायावर आवाज आपोआप हळू होतो किंवा चढतो आणि ज्याचे कान इतके तयार आहेत त्याला ते कळतंच. न येणारा विषय घेतलेला उलट बरा. शब्द कळला नाही तर स्पेलिंग विचार, अंदाजाने लिहू नको. आणि मध्ये मध्ये किती पानं झाली ते सांगत राहा, कारण उत्तर केवढं झालं ते तिला दिसत नाही.

वेळेचं पण पाठ करून जायचं. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. दुसऱ्या एका वर्षी एका सेंटरवर आम्हाला ऑफिसच्या बाहेर पॅसेजमध्ये टेबल टाकून बसवलं होतं, येणारे जाणारे, चहावाला, प्रिंटरचा आवाज, आणि तीन तास झाल्यावर मॅडम उत्तरपत्रिका घ्यायला आल्या. त्यांचा राग येऊन उपयोग नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याजवळ गाइडलाइनची प्रिंट होती, ती दाखवली, त्या वरच्या सरांकडे गेल्या, परत आल्या, ठीक आहे म्हणाल्या. यात सात मिनिटं गेली आणि ती सात मिनिटं जिचा पेपर होता तिची गेली. प्रिंट आता मी सगळ्यांना बरोबर न्यायला सांगते, आणि पेपर सुरू व्हायच्या आधीच दाखवायला सांगते.

परीक्षा नसतात तेव्हाही काम असतं. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं. आता फोन वाचून दाखवतो, कॉम्प्युटरवर एनव्हीडीएसारखं फुकट स्क्रीन रीडर आहे, तरी झेरॉक्सच्या झेरॉक्सवरच्या हिंदी-मराठी नोट्स मशीनला वाचता येत नाहीत, जोडाक्षरांची पार वाट लागते. एक धडा वाचायला अर्धा तास लागतो. पंखा बंद करून, दार लावून, फोन तोंडापासून जरा लांब धरून वाचायचं आणि पान बदललं की पान नंबर बोलायचा. माझी आजी पण एक धडा वाचते कधी कधी, तिचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत.

बाकीच्याचं थोडक्यात सांगते.

एनएसएस घे, मी तर म्हणते घेच. 24 सप्टेंबर 1969 ला गांधीजींच्या शताब्दीच्या वर्षात सुरू झालेली योजना आहे, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि एक सात दिवसांचा कॅम्प. कॅम्पला गावात राहायचं, पहाटे उठायचं, वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक आळीपाळीने करायचा. मी घरात कधी पोळ्या लाटल्या नव्हत्या, तिथे लाटल्या. आपल्या एमपीत नव्या शिक्षण धोरणापासून कम्युनिटी एंगेजमेंट, म्हणजे वस्तीत जाऊन काम करणं, अभ्यासक्रमातच आलंय, तर ते फक्त फाइल भरून संपवू नको एवढंच सांगणं. ज्या वस्तीत जाशील तिथे फोटोनंतर परत एकदा तरी जा. आम्ही एका वस्तीत वाचनाचा वर्ग सुरू केला आणि परीक्षा आल्यावर कुणाला न सांगता बंद केला, नंतर एक छोटी मुलगी मला राजवाड्याला भेटली आणि म्हणाली दीदी आम्ही तीन रविवार बसलो होतो. त्या दिवसापासून मी एकच नियम ठेवलाय की जेवढं जमणार तेवढंच कबूल करायचं, महिन्यात एक रविवार तर एकच रविवार, पण तो पाळायचा.

रक्तदान. 18 पूर्ण, वजन 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, निदान एवढं हवं, पुढच्या वेळेला मुलींनी चार महिने थांबायचं आणि मुलांनी तीन. कॉलेजचे कॅम्प 15 ऑगस्ट, 26 जानेवारीच्या आसपास खूप होतात आणि ते चांगलंच आहे, पण लाल पेशी फार फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. म्हणजे ऑगस्टचं रक्त मे महिन्याला पोचत नाही. मे-जूनमध्ये कॉलेजं बंद, होस्टेलची मुलं गावी, आणि थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना काही सुट्टी नसते. म्हणून माझा आग्रह असा की तारीख मे महिन्याची धर. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन ब्लड बँकेत जा, आधी पोटभर खाऊन. ना बॅनर लागतं ना कॅम्प.

आणि ज्यांना लोकांत फार बोलायला आवडत नाही त्यांच्यासाठी सिरपूर. धार रोडचा तलाव, 2022 मध्ये यशवंत सागरबरोबर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलाय. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, त्यात आपल्याकडे कॅम्पस बर्ड काउंट पण असतो, कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी थांबून जे दिसले ते सगळे पक्षी लिहायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे. कावळा, साळुंकी पण लिहायची, तेवढंच महत्त्वाचं आहे ते. खंडवा रोडच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसमध्ये एवढी झाडं आहेत, तिथे नुसतं बसलं तरी पंधरा-वीस जाती सहज होतात.

फेस्टचं कार्ड घालून फिरायचं असेल तर तेही कर, मी केलंय, त्यात मैत्रिणी मिळतात. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) चालतात तेव्हा पाणी द्यायला उभी राहा, तो अनुभव पण इंदूरच्या मुलीने एकदा घ्यावाच.

पण रायटरचं मी तिला परत परत सांगितलं त्याला कारण आहे. मी आता फायनलला आहे. ज्या दीदीचा पहिला पेपर लिहिला ती एमए करतेय, तिचे पेपर लिहायला मी कदाचित चालेन, पण सेकंड इयरच्या मुलींसाठी माझा उपयोग संपला. या वर्षी मला तीन वेळा मेसेज आला आणि तिन्ही वेळा मला मी पात्र नाही असं लिहावं लागलं, त्यातल्या एकीला शेवटपर्यंत रायटर मिळाली की नाही हे मला कळलंच नाही. या शहरात फर्स्ट इयरला दर वर्षी किती मुलं येतात, कोचिंग क्लासेसच्या भंवरकुआं चौकात नुसतं उभं राहिलं तरी दिसतं.

मावसबहिणीने दोन ग्रुपमध्ये नंबर टाकलाय. काल रात्री तिचा फोन आला, बीए सेकंड इयर, पॉलिटिकल सायन्सची सप्लिमेंटरी, परवा. तिच्या आवाजात भीती होती, ताई माझ्याकडून काही चुकलं तर. मी म्हटलं उद्याच जाऊन तिला भेट, तिच्यासमोर पानभर लिही, ती तुला तिची पद्धत सांगेल. आयडी, बारावीची मार्कशीट, दोन फोटो, तीन निळी पेनं, पाण्याची बाटली, गाइडलाइनची प्रिंट. मग ती म्हणाली, आणि तिने काही चुकीचं सांगितलं आणि मला येत असलं तर?

मी तिला पानिपतचं सांगितलं.