११ वाजून १७ मिनिटं

“चमकलं! अहो, गुरूवर काहीतरी चमकलं!” सहकारी ओरडला तेव्हा मी दवपट्टीची (दुर्बिणीवर दव जमू नये म्हणून गुंडाळायची गरम पट्टी) वायर जोडत होतो आणि स्क्रीनकडे माझी पाठ होती. भिंतीवरच्या घड्याळात ११ वाजून १७ मिनिटं. त्याने लगेच वहीत टिपलं. त्या रात्री आमच्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट ही एवढीच.

ग्रहाचा व्हिडिओ म्हटलं की लोकांना सिनेमा वाटतो. खरं तर तो फोटोंचा गठ्ठा असतो. हवा सतत थरथरत असते, म्हणून हजारो फ्रेम घ्यायच्या, त्यातल्या स्थिर तेवढ्या वेचायच्या आणि एकावर एक रचायच्या. आमची दुर्बीण २०० मिमी व्यासाची, एफ/१०, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या दहापट. दीडपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावला की एफ/१५. कॅमेऱ्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. रंगीत कॅमेऱ्याला पिक्सेलच्या साधारण पाचपट एफ-क्रमांक, हा ढोबळ हिशेब इथे चपखल बसतो. एक पिक्सेल म्हणजे आकाशात ०.२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). हौशी मंडळी तिप्पट बार्लो लावतात. गुरू मोठा होतो, अंधारतो, आणि तपशील तसूभरही वाढत नाही. सांगून ऐकत नाहीत.

चौकट ६४० × ४८०, एक्स्पोजर ८ मिलिसेकंद, सेकंदाला १२० फ्रेम. रंग जुळवणं रेकॉर्डिंगच्या वेळी बंद, ते नंतर. दोन मिनिटांत १४,४०० फ्रेम, जवळपास साडेचार जीबी. दोनच मिनिटं, कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो: तेवढ्यात बिंबाच्या मधला ठिपका दोनेक पिक्सेल सरकलेला असतो. जास्त लांबवलं की सगळं फरफटतं.

स्टॅक, म्हणजे फ्रेम रचून झालेला फोटो, तयार झाला की मूळ व्हिडिओ आपोआप पुसला जावा, हा नियम मीच लावला होता. डिस्क लहान. नवी मागितली की वरून प्रश्न येतो, “अंतिम फोटो तर आहेत ना?”

फोटो आहेत. पण सेकंदभराची चमक म्हणजे १४,४०० मधल्या १२० फ्रेम. त्यातल्या उत्तम वीस टक्के निवडल्या तर २,८८० मध्ये चमकेच्या जेमतेम २४ येणार, आणि सरासरीत त्या एक टक्कासुद्धा भरत नाहीत. स्टॅकमध्ये शोधून काही हाती लागत नाही. ३ जून २०१० ला गुरूवर काहीतरी आदळून झालेली चमक ऑस्ट्रेलियातून अँथनी वेस्ली आणि फिलिपिन्समधून क्रिस्टोफर गो या दोघांनी टिपली, ती मूळ व्हिडिओ हातात होते म्हणून.

आमचा पाचवा व्हिडिओ पुसला गेला होता, सहावा शिल्लक होता. मधलं अंतर फक्त दहा सेकंद. फाइलच्या नावाप्रमाणे सहावा ११:१६:४० ला सुरू झाला. पण ती वेळ लॅपटॉपची आणि वहीतली भिंतीवरची. लॅपटॉप मिनिटभर मागे असेल तर चमक पाचव्यात, नाहीतर सहाव्यात. पडताळायला सकाळी लॅपटॉपला नेट जोडलं, तर त्याने आपलं घड्याळ गुपचूप बरोबर करून घेतलं. रात्री ते किती चुकलं होतं, याचा पुरावाही तिथेच संपला.

सहावा आम्ही फ्रेम-फ्रेम पाहिला. एका फ्रेममध्ये गुरूच्या बिंबावर ठिणगी सापडली: शेजारशेजारचे दोन पिक्सेल, टोकदार, आणि पुढच्या फ्रेममध्ये काही नाही. ही सेन्सरवर आदळलेल्या वैश्विक किरणाची खूण. प्रकाश दुर्बिणीतून आला असता तर तो चार-पाच पिक्सेलवर तरी पसरला असता, आणि बिंबाबरोबर थरथरलाही असता. उपग्रह असता तर सरकला असता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, विषय मिटला म्हणाले.

मला तो मिटलेला वाटत नाही. सॉफ्टवेअर डिस्कवर सेकंदाला १२० फ्रेम लिहितं, पण प्रोसेसरवरचा ताण कमी राहावा म्हणून स्क्रीनवर आम्ही फक्त २० दाखवायला सांगितल्या आहेत. म्हणजे नेमकी तीच फ्रेम स्क्रीनवर येण्याची शक्यता सहात एक. आली तरी सेकंदाचा विसावा भाग टिकणार, तीही दोन पिक्सेलची. सहकारी सांगतो, “फुलत गेलं आणि मग विझलं, सेकंदभर तरी होतं.” त्याने पाहिलं ते हे नव्हे. मग एकतर त्याचे डोळे दमले होते, नाहीतर ते पाचव्यात होतं.

आता रेकॉर्डिंगआधी लॅपटॉपचं घड्याळ नेटवरून जुळवतो आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून वहीत सेकंदासकट लिहितो. व्हिडिओ पुसण्याआधी तो ‘डिटेक्ट’ या सॉफ्टवेअरमधून जातो. असल्या चमका शोधण्यासाठीच ते बनवलेलं आहे आणि फुकट मिळतं. ते तेव्हाही मिळत होतं.

पाचव्याचा स्टॅक मात्र त्या रात्रीतला सर्वांत स्वच्छ निघाला. हवा तेव्हाच सगळ्यात शांत होती.