"कसं सुनावलं, बघितलंस का?" नेत्याने पत्रकाराला झापलं की आपण असंच म्हणतो, उत्तर दिलं का ते बघतच नाही.

काल रात्री झोप येईना म्हणून परत तो १९९७चा बीबीसीवरचा इंटरव्ह्यू लावला. अँकर जेरेमी पॅक्समन ब्रिटनच्या माजी गृहमंत्र्याला, मायकल हॉवर्डला, विचारतोय, तुरुंग खात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरवायची धमकी दिली होती का? साधं हो किंवा नाही. हॉवर्डचं आपलं एकच, मला तसा आदेश द्यायचा अधिकार नव्हता आणि मी दिला नाही. अरे पण आदेशाचं कोण विचारतंय, धमकीचं विचारतोय तो! असं डझनभर वेळा चालतं. गंमत म्हणजे पॅक्समनने नंतर सांगितलं की पुढचा आयटम तयार नव्हता म्हणून वेळ काढत होतो. म्हणजे पहिल्याच फटक्यात "हो, बोललो होतो" किंवा "नाही" म्हणून टाकलं असतं तर आज हा व्हिडिओ कुणाला आठवलाही नसता.

म्हणून मला वाटतं, अँकर कितीही खवचट असला तरी नेत्याने आधी उत्तर द्यावं आणि मग हवं तर त्याची खरडपट्टी काढावी. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, त्यात काय जातं?

पण खरं सांगायचं तर, उत्तर टाळूनही नेत्याचं काहीच जात नाही हीच तर बोंब आहे. २०१९मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन बीबीसीच्या अँड्र्यू नीलसमोर मुलाखतीला बसलाच नाही, नीलने कॅमेऱ्यात बघून सगळे प्रश्न हवेत विचारले, आणि आठवड्याभरात जॉन्सन ८० जागांचं बहुमत घेऊन निवडून आला. निक्सन १९६२मध्ये पत्रकारांवर डाफरून आता ही माझी शेवटची पत्रकार परिषद म्हणाला, सहा वर्षांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. आपल्याकडे मोदी २००७मध्ये करण थापरच्या मुलाखतीतून तीनेक मिनिटांत पाणी मागून, माईक काढून उठले, ती क्लिप अजून फिरते आणि दोन्हीकडचे लोक तीच क्लिप पाठवतात, एकाला वाटतं पळाले, दुसऱ्याला वाटतं बरं केलं. उत्तर काय होतं हे दोघांनाही नको असतं. आणि आपण टाळ्या पिटतोय म्हटल्यावर नेता तरी कशाला होमवर्क करून येईल?

मी पण त्यातलाच, उगाच शहाणपणा नको. गेल्या महिन्यात आमच्या लाडक्या नेत्याने एका रिपोर्टरला असलं काही झापलं की पूर्ण रूम हसली, मी लगेच ग्रुपवर टाकलं, खाली तीन आगीचे इमोजी. मित्राचा रिप्लाय आला, "अरे पण खर्च किती झाला ते सांगितलं का त्याने?"

क्लिप परत लावली. मग आवाज वाढवून परत एकदा. मेसेज डिलीट करायला गेलो तर चौदा जणांनी बघितला होता.