बाराचा तुकडा

चौथीच्या वर्गात शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहिलं की मुलं आधी आकडे शोधतात, मग एखादा ओळखीचा शब्द. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. ही युक्ती मुलांना मोठ्यांनीच शिकवलेली असते आणि मला ती घातक वाटते, कारण तिच्यामुळे उदाहरण वाचायची गरजच उरत नाही.

त्या दिवशी मी मुद्दाम लिहिलं: ‘मीनाकडे ४८ बोरं आहेत. ती राजूपेक्षा १२ जास्त आहेत. तर राजूकडे किती?’ बहुतेक वह्यांत ६० आलं.

मी बरोबर-चूक काहीच बोलले नाही. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, त्या वाटल्या. एक मीनाची, एक राजूची. डावीकडच्या कडा जुळवून एकाखाली एक ठेवायला सांगितलं आणि विचारलं, “कोणाची लांब?” वर्गात गलका झाला. “बाई, राजूकडे कमी पाहिजेत! साठ कसे येतील?” ३६ त्यांनीच काढलं. कडा जुळवायचा आग्रह मी कधी सोडत नाही. त्या जुळल्या नाहीत तर फरक दिसतच नाही.

आधी हातात वस्तू, मग चित्र, मग चिन्हं, हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या १९६०च्या दशकातल्या मांडणीतून आला. सिंगापूरने १९८०च्या दशकात पट्ट्यांची आकृती थेट प्राथमिक गणितात आणली. आम्हीही पट्ट्या बाजूला ठेवून वहीत आयत काढायला लागलो.

मग अवघड उदाहरण दिलं. ‘दोघांकडे मिळून ६० बोरं. मीनाकडे राजूपेक्षा १२ जास्त. प्रत्येकाकडे किती?’ वरच्या वर्गात हे क्ष धरून सोडवतात. पुष्कळांनी ६०चे निम्मे ३० केले, एकीकडे १२ मिळवले, दुसरीकडून १२ वजा केले: ४२ आणि १८. फरक मोजला तर २४!

एरवी क्वचितच बोलणारी एक मुलगी फळ्याशी आली. मीनाच्या आयताचा पुढे आलेला तुकडा तिने खडूने खोडला. “हे बारा आधी बाजूला काढू. ४८ राहिले, दोघांना सारखे. राजूचे २४.” तेवढ्यात मागून एक मुलगा ओरडला, “मी तर राजूलाच बारा जोडले! ७२ झाले, निम्मे ३६, ते मीनाचे!” एकाने तुकडा काढला, दुसऱ्याने जोडला, मग दोघंही बरोबर कसे, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. मी मध्ये पडले नाही. मला त्या वादाइतकं मोलाचं काही शिकवता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मुलं स्वतः उदाहरणं बनवून आली. एकात दोघांकडे मिळून ५५ बोरं होती आणि फरक १२चा. ५५मधून १२ गेले, ४३ उरले, दोन सारखे भाग होईनात. “बोर अर्धं करायचं का?” यावर बरीच चर्चा झाली. शेवटी कोणीतरी म्हणालं, फरक ११ करा. आकृती पुन्हा काढली आणि २२ नि ३३ आले.