मुरलेल्या चॅम्पियनला तरुणाने गाठायचं कसं

अमेरिकन बॉक्सर बर्नार्ड हॉपकिन्ससमोर कुणी तरुण उभा राहिला की चर्चा ठरलेली असायची: पोराचे पाय चपळ, हात जड, म्हातारा टिकणार किती? ऑक्टोबर 2008 मध्ये अटलांटिक सिटीत केली पाव्हलिक 26 वर्षांचा होता, अपराजित होता, मिडलवेट या वजनगटाचा विश्वविजेता होता. हॉपकिन्स 43 वर्षांचा. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही जजांची गुणांची कार्डं हॉपकिन्सच्या बाजूने: 117-109, 118-108, 119-106. मे 2011 मध्ये मॉन्ट्रियलला त्याने ज्याँ पास्कालला हरवलं आणि 46 व्या वर्षी विश्वविजेता होऊन जॉर्ज फोरमनचा वयाचा विक्रम मोडला. 2013 मध्ये टॅव्होरिस क्लाउडचीही तीच गत झाली. तेव्हा नुसता वेग आणि ताकद यांच्या भरवशावर असा माणूस सापडत नाही. पण सापडतच नाही असंही नाही.

आधी हॉपकिन्स करायचा काय ते बघा. तो जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, टप्प्याच्या अर्धं पाऊल बाहेर उभा राहायचा. समोरच्याला ठोसा पोचवायचा तर पुढचा पाय टाकावाच लागतो आणि पाय हवेत असताना ना मारता येतं, ना हटता येतं. नेमका त्याच क्षणी हॉपकिन्सचा सरळ उजवा (उजव्या हाताचा ठोसा) यायचा, आधी जॅब न दाखवता. मारून तो मागे सरायचा नाही, उलट आत घुसायचा. कपाळ समोरच्याच्या खांद्याला, त्याचा एक दंड काखेत आवळलेला, मोकळ्या हाताने बरगड्यांवर छोटे ठोसे. रेफरी सोडवेपर्यंत हेच. अशा फेरीत खरी मारामारी जेमतेम अर्धा मिनिट होते. सगळी फेरी थंड गेली आणि एकाचे चार-पाच ठोसे स्वच्छ लागले, तर फेरी त्याचीच: त्याला दहा गुण, समोरच्याला नऊ. म्हाताऱ्याचा हिशेब या थंड फेऱ्यांवर चालतो.

तरुण इथे फसतो. दोन फेऱ्या ठोसे हवेत गेले की तो घायकुतीला येतो आणि एकाच जड उजव्याच्या मागे लागतो. सगळा जोर लावून उजवा मारला की मागचा पाय फरफटत पुढे येतो, दोन्ही पाय एका ओळीत येतात, छाती उघडी पडते. क्लिंचसाठी, म्हणजे समोरच्याला असं आवळून धरण्यासाठी, याहून सोयीची स्थिती नाही. पाव्हलिक रात्रभर सरळ रेषेत चालत राहिला आणि दर वेळी तिथेच अडकला. चाड डॉसनचं उदाहरण याहून बोलकं आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये दुसऱ्याच फेरीत त्याने अंगावर आलेल्या हॉपकिन्सला खांद्याने उचलून खाली टाकलं, हॉपकिन्सचा खांदा दुखावला आणि शेवटी लढत निकालाविना गणली गेली. एप्रिल 2012 मध्ये तोच डॉसन शांत डोक्याने आला, अंतर राखून कामाचा वेग चढा ठेवला आणि दोन कार्डांवर 117-111 ने जिंकला. तिसरं 114-114 होतं.

म्हातारपण बॉक्सरचं नेमकं काय नेतं, हे इथे महत्त्वाचं. नजर आणि अंदाज शेवटपर्यंत राहतात. जातो तो लागोपाठ हलण्याचा दम. पहिला ठोसा तो बघतो, दुसरा ओळखतो, तिसऱ्याला पाय साथ देत नाहीत. म्हणून तिसरा ठोसा हवा. पण तो मारायचा जॅबने अंतर पक्कं झाल्यावर, त्याआधी नाही.

जॅब डोक्यावर मारत बसू नका. डोकं हलतं, छाती हलत नाही. गळ्याखाली, खांद्यावर जॅब मारला तरी समोरच्याचा तोल मोडतो आणि त्याला पुन्हा पाय रोवावे लागतात. फेरीला 50-60 ठोसे हवेत, त्यात निम्म्याहून जास्त जॅब. खांदा हलवून हुलकावणी द्या आणि त्याने उजवा सोडला की तो चुकवून मगच मारा. हुलकावणीच्या मागोमाग स्वतः धावत गेलात तर तुम्हीच त्याच्या सापळ्यात. मारून झालं की अर्धं पाऊल मागे किंवा बाजूला, प्रत्येक वेळी. क्लिंचमध्ये ढकलाढकली केली तर दंड तुमचेच भरून येतात. कोपरं अंगाशी, दोन्ही हात त्याच्या हातांच्या आतल्या बाजूने, डोकं त्याच्या हनुवटीखाली, आणि आपलं वजन त्याच्यावर टाका. पोटावरचं काम पहिल्या फेरीपासून सुरू करा. यकृत उजव्या बाजूला असतं, म्हणून डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) त्याच्या उजव्या कोपराखालून घालायचा. त्याचा परिणाम सातव्या-आठव्या फेरीत दिसतो. बहुतेकांचा धीर त्याआधीच सुटतो.

8 नोव्हेंबर 2014 ला अटलांटिक सिटीत सर्गेई कोव्हालेव्हने हे जवळजवळ पुस्तकात लिहावं तसं केलं. तो 31 वर्षांचा, हॉपकिन्स 49 चा. कोव्हालेव्हचा प्रशिक्षक जॉन डेव्हिड जॅक्सन 1997 मध्ये स्वतः हॉपकिन्सकडून सातव्या फेरीत हरलेला, म्हणजे ती पकड अंगावर घेतलेला माणूस. कोव्हालेव्हने पहिल्याच फेरीत उजव्याने हॉपकिन्सला खाली बसवलं. मोह होता, तरी संपवण्यासाठी तो तुटून पडला नाही. पुढच्या अकरा फेऱ्या तो आपल्या अंतरावरून खेळला. निकाल 120-107, 120-107, 120-106. एकही फेरी गेली नाही! मला ही लढत नॉकआउटपेक्षा मोठी वाटते.

हे गणित बारा फेऱ्यांचं आहे, हे विसरू नका. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन फेऱ्या असतात, म्हाताऱ्याला दमवायला वेळच मिळत नाही. डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीतल्या निवड चाचणीत मेरी कोमने निखत झरीनला 9-1 असं हरवलं, तेव्हा निखतच्या तारुण्याला कामाला लागायला जेमतेम नऊ मिनिटं होती.

कोव्हालेव्हवर स्वतः ही पाळी आली 2 नोव्हेंबर 2019 ला, लास व्हेगासमध्ये. आता तो 36 वर्षांचा, समोर 29 वर्षांचा, वजनाने खालच्या गटातून आलेला कनेलो अल्वारेझ. कोव्हालेव्हचा लांब जॅब सतत चालू होता आणि कनेलो अनेक फेऱ्या काहीच करत नाही असं वाटत होतं. तो बचावाचे हात उंच ठेवून पावलापावलाने पुढे येत होता आणि संधी मिळेल तशी बरगड्यांवर डावा घालत होता. दहा फेऱ्यांनंतर दोन जजांकडे तो 96-94 असा जेमतेम पुढे होता, तिसऱ्याकडे 95-95. अकराव्या फेरीत कोव्हालेव्हचे पाय थांबले आणि कनेलोने त्याच फेरीत त्याला नॉकआउट केलं.