चौथ्या घोडीची नोंद

जानेवारीत तुरी निघाल्या की धनगरांचे वाडे, म्हणजे माणसं-मेंढरांचे फिरते तळ, आमच्या भागात उतरतात. ज्याच्या रानात मेंढरं बसतात तो शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो, आणि रान चरून झालं की वाडा पुढं सरकतो. हे सरकणं सगळं तट्टांच्या पाठीवर चालतं. मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, भांडी, कोंबड्यांच्या डालग्या, चालता न येणारी कोकरं आणि कधी घरातलं तान्हं पोरसुद्धा. मी पशुवैद्यक आहे आणि धाराशिव-बीडकडच्या भूम, परंडा, वाशी, आष्टी या पट्ट्यात गेली काही वर्षं या तट्टांच्या मागं फिरतो आहे.

घोडे वाचवायचे म्हटलं की लोकांना रानटी घोडे आठवतात. आपल्या भागात रानटी घोडा नाही. आहे तो भीमथडी तट्टू. ना तबेला, ना खरारा, ना चंदीचा खुराक. रस्त्याकडेला मिळेल ते खाऊन दिवसभर ओझं वाहणारं जनावर. मराठ्यांच्या फौजा याच रक्ताच्या घोड्यांवर दूरदूर गेल्या. आपल्या राज्यगीतात त्याचं नाव येतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं मारवाडी, काठियावाडी, झंस्कारी, स्पिती, भुटिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी यांच्यानंतर आठवी जात म्हणून भीमथडीची नोंद केली, त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते. पण जात कागदावर आली तरी जनावरं कुठं आणि किती, हे कोण सांगणार? देशात २०१२ साली सव्वासहा लाख घोडे होते, २०१९च्या गणनेत ३ लाख ४० हजार उरले. ४५.६ टक्के घट. त्यात भीमथडी किती गेले, हे त्या आकड्यांतून काढता येत नाही. म्हणून २१व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची जनावरंही मोजणार हे कळल्यावर मी जिवाचं रान केलं. प्रत्येक वाडा गाठायचा, प्रगणकाला तिथं न्यायचं, आणि ‘गावठी तट्टू’ न लिहिता ‘भीमथडी’ लिहून घ्यायचं, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्या दिवशी सोलापूर–धुळे महामार्गावर, तेरखेड्याच्या अलीकडं तीन वाडे असल्याचं कळलं. सकाळी आठला पोचलो तर घोडी लादायला सुरुवात झाली होती. म्हातारे बाप्पा खोगिराची तंग आवळत होते.

“बाप्पा, दुपारपर्यंत थांबा. साहेब येतायत, नोंद झाली की निघा.”

“रान सरलंय, डॉक्टर. आज आत वाशीकडं उतरायचंय. हितं रस्त्याच्या कडंला जनावर ठिवनं बरं न्हाई.”

आक्का म्हणाल्या, “आकडा लिहून न्येला की मागनं चराईचा दंड येतो.”

तासभर समजावलं. शेवटी बाप्पांनी तंग सैल केली. बारापर्यंत येतो म्हणालेला प्रगणक साडेपाचला आला. त्याच्याकडं सहा गावं होती, मोटारसायकल स्वतःची आणि पेट्रोलही स्वतःचं, त्यामुळं त्याला एकट्याला दोष देता येत नाही. पण घरोघर फिरायची माणसं नेमताना ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी वेगळा माणूस नेमावा, हे वरच्या कुणाला सुचू नये याचा मला राग आहे.

तो येईपर्यंत मी मापं घेतली. चार घोडी. त्यांतली कुमेत, म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची, कपाळावर चांद असलेली घोडी बघून मी हरखलो. उंची, आयाळ संपते तिथं, १२७ सेंटिमीटर. रुंद छाती, आखूड पाठ, काळे टणक खूर; नाल कधी ठोकलेला नाही आणि एकही चीर नाही. वय मी दातांवरून काढतो. पाच वर्षांना तोंड भरतं, खालच्या कातरदातांवरचे खळगे आठव्या वर्षापर्यंत झिजून जातात, आणि दहाव्याच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीलगत खोबण दिसायला लागते. हिचे खळगे नुकतेच गेले होते, खोबण नव्हती. म्हणजे आठ-नऊ. बाप्पा म्हणाले, “दुस्काळ सरला त्या साली झाली.” २०१६. आमचा दोघांचा हिशेब जुळला.

बाप्पांनी मात्र आधी अंगावरचे केसांचे भोवरे दाखवले. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ भोवरा आहे, म्हणून ही विकायची नाही. माझ्या तक्त्यात भोवऱ्याला रकाना नाही. कुठली घोडी ठेवायची, कुठल्या घोडीला कुठला घोडा दाखवायचा, हे या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या भोवऱ्यावरूनच ठरवलंय. समासात मी ‘देवमण’ लिहून घेतलं. डीएनए तपासणीसाठी आयाळीचे केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात घातले. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि मुळं खराब होतात. तिच्या पोटाशी चार महिन्यांचं शिंगरू होतं. ते माझा टेप चघळत होतं.

नोंद झाली तेव्हा अंधार पडला होता. चार घोडी, भीमथडी. मी प्रगणकाच्या पाठीवर थाप मारली. वाडा त्या रात्री तिथंच राहिला आणि मी तेरखेड्यात मुक्काम केला.

पहाटे चारला फोन आला. रानात चारा नसल्यानं पुढच्या पायांना पायबंद घालून घोडी सोडली होती. चौपदरी रस्त्याच्या दुभाजकात कण्हेरीला टँकरनं पाणी घालतात, त्याखाली हिरवं गवत वाढतं. आजूबाजूला तेवढंच हिरवं. कुमेत तिकडं गेली. गाडी अंगावर आली तरी पायबंद असलेलं जनावर उडी मारू शकत नाही.

ती कडेला उभी होती, तीन पायांवर. पुढच्या डाव्या पायाची नळी गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलं होतं. तिथं मांस नसतं, रक्तपुरवठा कमी, आणि घोडं महिनोन्‌महिने आडवं ठेवता येत नाही. दुसऱ्या पायावर भार पडून तोही जातो. हे सगळं मी बाप्पांना सांगितलं. त्यांना ते माझ्याआधीच माहीत होतं. त्यांनी फक्त विचारलं, “तिला कळंल का?”

आधी झायलाझिन देऊन गुंगी आणली. मान खाली आली, तेव्हा आक्कांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग जीव शांत करणारं थायोपेंटोन. शिंगरू बाप्पांच्या पोरानं लांब धरून ठेवलं होतं, तरी त्याचं खिंकाळणं येत होतं.

कुणीही मला म्हटलं नाही की तुमच्यामुळं थांबलो. मी वाट पाहत होतो. म्हटलं असतं तर मला उत्तर तरी द्यावं लागलं असतं. बाप्पांनी पायबंद सोडून कमरेला गुंडाळला आणि म्हणाले, “आता कोकरं कशावर घालायची?”

चार कोकरं मी गाडीत घालून वाशीच्या पुढं पोचवली. शिंगराला बाटलीनं शेळीचं दूध पाजायला आक्कांना दाखवलं; पहिल्या दिवशी त्यानं घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी घेतलं.

प्रगणकाचा फोन आला होता, “सर, त्या वाड्याची तीन करू का?” मी म्हटलं, राहू दे. गणनेच्या वेळी ती होती, हे खरं आहे. पण दुरुस्ती नको म्हणताना माझ्या मनात फक्त नियम होता का, हे मला सांगता येत नाही. तिच्या केसांचं पाकीट अजून माझ्या टेबलावर आहे. बाकी तिघींचे नमुने पाठवले.

पुढच्या आठवड्यात परंड्याकडं, सीनेच्या काठाला दोन वाडे उतरलेत. तिथलं रानही रस्त्याला लागून आहे. मी प्रगणकाला सांगितलंय, तू सकाळी सातला माझ्या गाडीत बस, वाडा थांबणार नाही, चालता चालता मोजायचं.